जांभ्याच्या घरातले वाय-फाय: वेग कुठे हरवतो आणि यादीतली अनोळखी उपकरणे कोणाची?

आगरकाठ (धागा सुरू करणारा)

नमस्कार. आमचे घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून दीडेक किलोमीटर आत आहे. घर आजोबांच्या काळातले, जांभ्याचे आणि कौलारू आहे. पुढे ओटी, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर, नंतर मागची पडवी आणि तिथून पुढे आगर सुरू होते. मधल्या भिंती दीड फूट जाडीच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी फायबर आले तेव्हा जोडणी करणाऱ्या मुलाने ओटीच्या पुढच्या कोपऱ्यात, विजेच्या मीटरशेजारी राउटर टांगला, कारण बाहेरची केबल तिथूनच आत येत होती. तो आजही तिथेच आहे.

योजना १०० एमबीपीएसची आहे. गेल्या आठवड्यात एकाच फोनवर, एकाच संध्याकाळी खोलीनुसार वेग मोजून वहीत लिहिला. ओटीवर ९३, माजघरात २१ आणि स्वयंपाकघरात ४ असे आकडे मिळाले; मागच्या पडवीत तर चाचणी सुरूच झाली नाही. मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतो आणि बसायची जागा माजघरात आहे. तक्रार केल्यावर '३०० ची योजना घ्या, सगळीकडे पोचेल' असे उत्तर मिळाले. गणपतीत मुंबईची मंडळी आली तेव्हा ओटीवरसुद्धा चित्र अडकत होते, म्हणून मीही त्याच विचारात होतो.

दुसरी गोष्ट अधिक काळजीची आहे. सगळे परत गेल्यावर राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली, तर नऊ नावे दिसली. त्यांतली सहा ओळखता आली. उरलेल्या तिघांना नाव नाही, नुसते आकडे आणि अक्षरे आहेत. शेजारी कोणाकडे पासवर्ड गेला असेल का, हा विचार मनात येतो आणि तो करताना वाईटही वाटते, कारण शेजार चार पिढ्यांचा आहे. वेग आणि सुरक्षा हे दोन्ही प्रश्न एकाच धाग्यात मांडतो आहे. जाणकारांनी सविस्तर सांगावे.

सड्यावरचा

मी रत्नागिरीचा आहे आणि हेच काम करतो, म्हणून थोडे लांबीने लिहितो.

पहिली गोष्ट अशी की आपल्याकडे येणारा वेग पुरेसा आहे. तो ओटी आणि माजघर यांच्यामधल्या भिंतीत संपतो आहे. राउटर साधारणपणे दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाचाची पट्टी वेगवान आहे, पण जाड भिंतीतून जाताना तिची ताकद लवकर ओसरते. अडीचाच्या आसपासची पट्टी हळू आहे, तरी भिंतीपलीकडे जरा बरी पोचते. ओटीवर आपला फोन पाचावर असतो आणि स्वयंपाकघरात जाईपर्यंत तो नाइलाजाने दुसऱ्या पट्टीवर उतरतो. शहरातल्या चार किंवा सहा इंची विटांच्या भिंती डोळ्यांसमोर ठेवून दिलेले सल्ले आपल्या दीड फुटी जांभ्याला लागू पडत नाहीत. शिवाय जांभा सच्छिद्र आहे, पावसाळ्यात तो पाणी धरतो, आणि पाणी या लहरी शोषून घेते. त्यामुळे मे महिन्यात जेमतेम चालणारी खोली श्रावणात बंद पडली, तर राउटर बिघडला असे लगेच समजू नये.

गणपतीतला प्रकार वेगळा आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. एका वाहिनीवर, म्हणजे पट्टीच्या एका तुकड्यावर, एका क्षणी एकानेच बोलायचे, असा वाय-फायचा नियम आहे. समजा ओटीवरचा फोन ३०० च्या दराने राउटरशी बोलतो आणि मागच्या पडवीत बसलेल्या भाच्याचा फोन कसाबसा ६ च्या दराने बोलतो. तेवढीच माहिती न्यायला भाच्याच्या फोनला पन्नासपट वेळ लागतो, आणि तेवढा वेळ त्या पट्टीवरचे बाकीचे सगळे थांबून राहतात. घरात तीस फोन असतील आणि त्यांतले दहा असे कडेला बसून व्हिडिओ बघत असतील, तर राउटरच्या समोर बसलेल्या माणसालाही वेग मिळत नाही. योजना ३०० ची केली तरी ही रांग तशीच राहील. रांग मोडायची असेल तर कडेच्या फोनना जवळचे केंद्र, म्हणजे वाय-फाय सोडणारे दुसरे यंत्र, द्यावे लागते.

म्हणून मी आधी राउटर माजघरात आणीन आणि मागच्या पडवीसाठी केबलने जोडलेले दुसरे केंद्र बसवीन. पहिल्या कामाला जवळजवळ खर्च नाही.

वेळासची वाट

आमचे घरगुती निवास आहे आणि अशीच अडचण होती. आम्ही सॉकेटमध्ये खोचायचा रिपीटर घेतला. फोनवर सगळ्या रेघा दिसू लागल्या, पण वेग आठ-नऊच्या वर गेला नाही. असे का होत असावे?

सड्यावरचा

ताई, फोनवरच्या रेघा फक्त फोन आणि रिपीटर यांच्यातल्या अंतराबद्दल सांगतात. रिपीटर स्वतः राउटरचे बोलणे भिंतीपलीकडून ऐकत असेल, तर त्याला जे क्षीण मिळते तेच तो पुढे मोठ्या आवाजात सांगतो. त्यातून स्वस्त रिपीटर ज्या वाहिनीवर ऐकतो त्याच वाहिनीवर बोलतो, त्यामुळे प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते आणि वेग निम्म्यावर येतो. मेश म्हणून मिळणारे, अनेक केंद्रे एकत्र चालवणारे संचही हवेतूनच जोडले, तर जांभ्याच्या घरात त्यांची अवस्था फारशी वेगळी होत नाही. दोन केंद्रांच्या मधे केबल असली पाहिजे.

जुना लाइनमन

मी चाळीस वर्षे तारांचे काम केले, आधी टेलिफोनच्या आणि नंतर फायबरच्या. वरचे सगळे बरोबर आहे. मात्र हवेत शिरण्यापूर्वी केबल बघावी असे मला वाटते, कारण आपल्या किनाऱ्यावर बहुतेक दुखणी तिथे असतात.

आगरकाठ यांच्या पोस्टमधला ९३ हा आकडा मला खटकला. तांब्याच्या नेटवर्क केबलमध्ये आठ तारा असतात. हजार एमबीपीएसच्या जोडणीला आठही लागतात; त्यांतल्या चारच नीट लागल्या तर जोडणी शंभरावर उतरते, आणि वरखर्च वजा जाता प्रत्यक्षात ९३-९४ मिळतात. आपल्याकडे फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील, तर त्यांच्यामधल्या लहान केबलचा प्लग काढून उजेडात बघा. खाऱ्या हवेने पितळी-सोनेरी पट्ट्यांवर हिरवट किंवा काळी बुरशीसारखी पुटे चढतात. ती असतील तर ३०० ची योजना घेऊनही आपल्याला ९४ च मिळाले असते आणि पैसे फुकट गेले असते. राउटरचे तोंडच शंभराचे असले तरी परिणाम हाच होतो. ते खोक्यावर लिहिलेले असते.

राउटर माजघरात न्यायचा तर फायबरची बारीक दोरी पुढे न्यावी लागेल. तिला तीन सेंटीमीटरपेक्षा लहान त्रिज्येचे वळण देऊ नका, खिळा ठोकून आवळू नका आणि दरवाजाच्या फटीत चेपू नका. काच तुटली नाही तरी वाकल्या जागी उजेड बाहेर गळतो. डब्यावर लाल दिवा लागला तर उजेड येतच नाही असे समजावे, आणि तेव्हा राउटर पुन्हा पुन्हा बंद-चालू करून काही होत नाही. बाहेरची केबल माडाला किंवा फणसाला बांधलेली असेल तर ती सोडवून खांबावर घ्यायला सांगा. वारा सुटला की झाड हलते, वानरे केबलवरून जातात, आणि सांध्याच्या पेटीत पाणी शिरले की पुढच्या सगळ्या घरांचे काम थांबते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकले, त्यानंतर रायगड आणि दापोली-मंडणगडच्या गावांत कितीतरी दिवस वीज नव्हती आणि फोनही नव्हते. तेव्हा झाडांना बांधलेली एकही केबल शाबूत राहिलेली मी पाहिली नाही.

आता विजेबद्दल लिहितो, आणि हे कृपया कोणी वरवर वाचू नये. वळवाच्या पावसात आणि पुन्हा ऑक्टोबरात आपल्याकडे जी वीज कडाडते, तिच्यात दरवर्षी राउटर जळतात. फायबरच्या काचेतून वीज येत नाही. ती राउटरच्या अडॅप्टरमधून येते, किंवा घरापासून गोठ्यापर्यंत अथवा दुसऱ्या खोलीपर्यंत उघड्यावरून टाकलेल्या तांब्याच्या केबलमधून येते. वीज घरावर पडावी लागत नाही. जवळपास पडली तरी लांब तारेत दाब निर्माण होतो. आभाळ गडगडू लागले की अडॅप्टर आणि तांब्याची केबल दोन्ही काढावीत. एका छपराखालून दुसऱ्या छपराखाली जायचे असेल तर तांबे वापरूच नये, फायबर टाकावे आणि दोन्ही टोकांना बदल करणारा छोटा डबा लावावा.

आगरकाठ

काका, प्लग काढून बघितला. आठांपैकी तीन पट्ट्या हिरव्या झाल्या होत्या. राउटरचे तोंड हजाराचेच आहे. नवी केबल लावतो आणि कळवतो. मधल्या भिंती तक्तपोशीपर्यंतच आहेत, त्यामुळे माळ्यावरून केबल नेली तर जांभा फोडावा लागणार नाही असे दिसते.

जुना लाइनमन

माळ्यावरून नेणार असाल तर केबल प्लास्टिकच्या नळीत घाला. उंदीर नुसती केबल सोडत नाहीत.

मालवणची शाळा

वेगाचे बोलणे चालू आहे ते उपयोगाचे आहे, पण मला सुरक्षेचा भाग समजून घ्यायचा आहे. आमच्याकडे सगळ्यांनी पासवर्ड म्हणून स्वतःचा मोबाइल क्रमांक ठेवलेला आहे, कारण तो पाहुण्यांना सांगायला सोपा जातो. एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितले की नेटवर्कचे नाव लपवले आणि फक्त ठरावीक उपकरणांचे पत्ते (प्रत्येक उपकरणाची आकडे-अक्षरांची ओळख, मॅक अ‍ॅड्रेस) राउटरमध्ये भरले की कोणी आत येऊ शकत नाही. हे पुरेसे आहे का?

सड्यावरचा

ताई, पुरेसे नाही, आणि कारण सांगतो. लपवलेले नाव आपला स्वतःचा फोन जोडणी करताना हवेत उच्चारतोच, आणि उपकरणाचा पत्ता प्रत्येक संदेशावर उघडा लिहिलेला असतो. ऐकणाऱ्याला दोन्ही मिळतात आणि तो पत्ता स्वतःच्या यंत्रावर लावता येतो. या दोन उपायांत घरच्यांचा त्रास तेवढा वाढतो.

मोबाइल क्रमांकाची सवय मात्र खरोखर सोडायला हवी. सध्या बहुतेक घरांत वाय-फायला कुलूप घालण्याची डब्ल्यूपीए२ ही २००४ सालची पद्धत आहे. तिच्यात फोन राउटरला जोडला जातो त्या क्षणीची देवाणघेवाण कोणी बाहेर बसून टिपली, तर पुढे तो आपल्या घरी जाऊन निवांतपणे पासवर्डचे अंदाज तपासू शकतो. राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही. भारतातले मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे सगळे मिळून जास्तीत जास्त चारशे कोटी पर्याय झाले. चांगले ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक सेकंदाला लाखो पर्याय तपासतो, त्यामुळे त्याला काही तास पुरतात. ज्याला तुमचा क्रमांक माहीत आहे त्याला तर एक प्रयत्न पुरतो, आणि घरगुती निवासाच्या पाटीवर तो क्रमांक लिहिलेलाच असतो.

त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहावेत, मधे एखादा आकडा घालावा. वीस अक्षरांचा असा पासवर्ड आजीलाही लक्षात राहतो आणि अंदाजाने सापडत नाही. म्हणी, देवांची नावे किंवा गावाचे नाव घेऊ नये. नेटवर्कचे कारखान्यातून आलेले नावही बदलावे, कारण पासवर्डपासून किल्ली तयार करताना ते नाव त्यात मिसळले जाते आणि सर्रास आढळणाऱ्या नावांसाठी आधीच गणिते करून ठेवता येतात. राउटर आणि फोन दोन्हींना २०१८ साली आलेली डब्ल्यूपीए३ पद्धत चालत असेल तर ती निवडावी. तिच्यात घरी बसून अंदाज तपासण्याची वाट बंद केलेली आहे. जुने फोन असतील तर दोन्ही पद्धती एकत्र चालवण्याची सोय बहुतेक नव्या राउटरमध्ये असते. डब्ल्यूईपी नावाची जुनी पद्धत कुठे दिसली तर तो राउटर बदलावा. ती २००१ सालीच मोडली गेली आहे.

आणखी एक बटण आहे, डब्ल्यूपीएस. पासवर्ड न लिहिता जोडणी व्हावी म्हणून ते दिलेले आहे. त्याच्या आठ आकडी पिनमधला शेवटचा आकडा तपासणीचा असतो, आणि राउटर पिन दोन तुकड्यांत तपासतो, पहिले चार आकडे वेगळे आणि पुढचे तीन वेगळे. त्यामुळे एक कोटी पर्यायांऐवजी दहा हजार आणि एक हजार मिळून अकरा हजारच तपासावे लागतात. ही उणीव २०११ साली उघड झाली, तरी कित्येक घरांत ती सोय अजून चालूच असते. पासवर्ड कितीही चांगला ठेवला तरी या मागच्या दाराने आत येता येऊ शकते, म्हणून ती सोय राउटरच्या पानावरून बंद करून टाकावी.

जुना लाइनमन

हे दूरचे वाटते त्यांच्यासाठी सांगतो. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना आलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वाय-फायवरून गेला होता. त्या घरातल्या माणसाचा त्यात काही हात नव्हता, तरी चौकशी त्याच्याच दारात आली. तेव्हा मी नोकरीत होतो आणि त्यानंतर कितीतरी दिवस आम्हाला लोक 'आमचे बंद आहे ना, एकदा बघून जा' म्हणून बोलावत असत.

वेळासची वाट

हे वाचून मला आमच्या पाहुण्यांची आठवण झाली. कासवांची पिल्ले समुद्रात सोडतात त्या दिवसांत घरात रोज नवी माणसे असतात आणि पासवर्ड ओटीवर कागदावर लावलेला असतो. त्याच जोडणीवर आमचा कॅमेरा आहे आणि मुलीचा अभ्यासाचा लॅपटॉपही आहे. पाहुण्यांना नाही म्हणता येत नाही, कारण खोली घेण्याआधी ते वाय-फायच विचारतात.

सड्यावरचा

नाही म्हणायचे कारणच नाही. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे जाळे उघडण्याची सोय असते. ते चालू करा, त्याला वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड द्या, आणि पाहुण्यांना घरातल्या उपकरणांपर्यंत पोचू न देणारा पर्याय चालू आहे याची खात्री करा. कागदावर फक्त त्याच जाळ्याचा पासवर्ड लावा आणि हंगाम संपला की बदला. त्या जाळ्याला वेगाची मर्यादा घालता आली तर मुलीचा अभ्यासही अडणार नाही. कॅमेराही याच धर्तीवर घरच्या जाळ्यापासून दूर ठेवावा असे मी सुचवीन. २०१६ साली मिराय नावाच्या दुष्ट प्रणालीने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, आणि त्यासाठी तिने फक्त कारखान्यातून आलेली नावे आणि पासवर्ड वापरून पाहिले होते.

मालवणची शाळा

आणि दुसऱ्याच्या वाय-फायवरून बँकेचे काम करावे का?

सड्यावरचा

बँकेचे अधिकृत अ‍ॅप फोन आणि बँक यांच्यातले बोलणे स्वतंत्रपणे गुप्त करते, त्यामुळे मधल्या वाय-फायवाल्याला मजकूर वाचता येत नाही. धोका खोट्या पानाचा आहे. ज्याच्या हातात राउटर आहे तो तुम्हाला भलत्याच पत्त्यावर नेऊ शकतो. ब्राउझरने प्रमाणपत्राबद्दल इशारा दिला तर पुढे जाऊ नये, आणि पैशाचे काम स्वतःच्या मोबाइल डेटावर करावे. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. तक्रार जितकी लवकर होईल तितकी रक्कम वाटेतच थांबवता येण्याची शक्यता अधिक असते.

आगरकाठ यांच्या तीन अनोळखी उपकरणांकडे परत येतो, कारण त्यांनी शेजाऱ्यांबद्दल लिहिले ते मनाला लागले. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये २०२० च्या आयओएस १४ पासून फोन आपला खरा पत्ता सांगत नाहीत. प्रत्येक जाळ्यासाठी एक बनावट पत्ता तयार करतात. त्यामुळे घरचाच फोन यादीत परका दिसतो. ओळखायची खूण अशी: पत्त्यातले डावीकडून दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर तो पत्ता बहुधा असा बनवलेला आहे. मग घरातला एकेक फोन विमान स्थितीत टाकायचा आणि यादीतून कोण जाते ते पाहायचे. कोणाला विचारण्याआधी एवढे करून बघा.

आगरकाठ

दहा दिवसांनी लिहितो आहे. सगळे नीट करून मगच लिहायचे ठरवले होते.

तिघांपैकी एकाचे दुसरे अक्षर ई होते. आईचा फोन विमान स्थितीत टाकल्यावर ते यादीतून गेले. दुसरा कॅमेरा निघाला, आणि त्याचा पासवर्ड अजून खोक्यावर छापलेलाच होता. तिसऱ्यासाठी दोन दिवस गेले. शेवटी लक्षात आले की छपरावरच्या सौरऊर्जेच्या इन्व्हर्टरला एक छोटी कांडी आहे, आणि बसवणाऱ्याने ती आमच्या वाय-फायला जोडून ठेवली होती. शेजारचे कोणीच नव्हते. मी कोणाला काही विचारले नव्हते, याचे फार समाधान वाटते.

राउटरच्या पानाचा पासवर्ड मात्र दोन वर्षे कारखान्याचाच होता, डब्ल्यूपीएस चालू होते, आणि बाहेरून राउटर चालवण्याची सोयही उघडी होती. तिन्ही बदलले. कॅमेरा आणि इन्व्हर्टर पाहुण्यांच्या जाळ्यावर टाकले. घरचे नाव आणि पासवर्ड नवे केले.

राउटर आता माजघरात, देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर आहे. केबल बदलली आणि माळ्यावरून नळीतून दुसरी केबल मागच्या पडवीत नेऊन तिथे दुसरे केंद्र लावले. त्याच फोनवर मोजलेले आकडे असे आहेत: माजघरात ९८, ओटीवर ५४, स्वयंपाकघरात ६१ आणि मागच्या पडवीत ९५. योजना तीच १०० ची आहे. दोन्ही केंद्रांच्या २.४ च्या वाहिन्या १ आणि ११ अशा लांब ठेवल्या आहेत.

एक शंका उरली आहे. आगराच्या टोकाला पंपाची खोली आहे, घरापासून साधारण सत्तर मीटर, आणि तिथे कॅमेरा लावायचा आहे. तांब्याची केबल शंभर मीटरपर्यंत चालते असे वाचले, म्हणजे अंतरात बसते. ती टाकावी का?

जुना लाइनमन

अंतरात बसते, पण सत्तर मीटर उघड्यावरून माडांच्या मधून जाणार, तेव्हा तांबे टाकू नका. फायबरच टाका, लोखंडी तार नसलेले घ्या, आणि जमिनीत फूट-दीड फूट खोल नळीतून न्या. आगरात पाणी शिंपायचे पाट कुठून जातात ते आधी आखून घ्या, म्हणजे पुढे कुदळ लागणार नाही. चर पावसाच्या आधी, मे महिन्यातच खणून घ्यावा.